दोन कोंबडे, दोन तऱ्हा: दोघं ठेवू की एकच?

नवंखुराडं

नमस्कार मंडळी. परसात कोंबड्या पाळायला लागलो त्याला फार दिवस नाही झाले. सध्या ११ माद्या आणि २ नर आहेत. पिल्लं घेताना सगळ्या माद्याच आहेत असं सांगितलं होतं पण दोघांचे तुरे बाकीच्यांच्या आधीच लाल व्हायला लागले, मानेवरची आणि शेपटीच्या बुडाजवळची पिसं लांब टोकदार निघाली, तेव्हाच शंका आली, आणि मग एका सकाळी एकाने घसा बसल्यासारखी अर्धवट बांग दिली म्हटल्यावर विषयच संपला.

आता गंमत अशी की दोघं एकाच खेपेतले, एकाच खुराड्यात वाढलेले, खाणंपिणं एकच, पण स्वभाव म्हणाल तर एक पूर्व एक पश्चिम. तांबडा आहे तो दाणा किंवा किडा सापडला की स्वतः खातच नाही, चोचीत उचलतो, खाली टाकतो, परत उचलतो, टुकटुकटुक आवाज करत राहतो आणि माद्या धावत आल्या की बाजूला सरकून उभा राहतो. वरून घार गेली की एक लांब किरकिरता आवाज काढतो आणि सगळ्या झुडपाखाली पसार. माझ्यापासून मात्र चार हात लांब असतो, हात लावू देत नाही.

काळा बरोब्बर उलटा. लहान असताना मुलीच्या मांडीवर बसायचा, हातातून दाणे खायचा, घरभर फिरायचा, सगळ्यांचा लाडका. आता साधारण सहा महिन्यांचा झालाय आणि पाठ वळली रे वळली की पोटरीवर झेप. परवा मुलीवर धावून गेला, ती ८ वर्षांची आहे, नशिबाने हातात बादली होती तिने ती मध्ये धरली. माद्यांनाही मागून जाऊन धरतो, दोघीतिघींच्या पाठीवरची पिसं पार गेलीत.

बायको म्हणते दोन्ही नर काढून टाक, अंडी तशीही मिळतील. मला वाटतं तांबडा ठेवावा. काळ्याचं काय करावं ते कळेना, वयाने शांत होतो का? आणि जो एवढा माणसाळलेला होता तोच का असा वागतोय हे तर अजिबात समजत नाहीये.

दाणापाणी

वहिनींचं एका बाबतीत बरोबर आहे, अंड्यासाठी नर लागतच नाही, नर असला काय नसला काय मादी तिच्या वेळेला अंडं देणारच. नर लागतो तो पिल्लं काढायची असतील तर. आणि दुसरं म्हणजे राखणीला.

११ माद्यांना २ नर म्हणजे जरा जास्तच. साधारण ८ ते १० माद्यांमागे एक नर पुरतो, हलक्या चपळ जातीचा असेल तर १२ माद्यासुद्धा सहज सांभाळतो. नर जास्त झाले की पाठीची पिसं जातात ती याच कारणाने, त्यातही लाडक्या अशा दोनतीन माद्या असतात त्यांनाच सगळा त्रास. उघड्या पाठीवर जखम झालीय का ते नीट बघा, बाकीच्या कोंबड्या रक्त दिसलं की तिथेच चोच मारत बसतात. पाठीवर बांधायचा कापडी पट्टा मिळतो किंवा घरी शिवता येतो, नवीन पिसं येईपर्यंत तो बांधा.

तुर्रेबाज

काळ्याचं कोडं वाटतंय तेवढं अवघड नाही दादा. अंगावर येणाऱ्या कोंबड्यांची चौकशी केली तर त्यातले बरेच लहानपणचे लाडकेच निघतात. कोंबड्याचं जग म्हणजे कळप आणि कळपातली उतरंड, कोण कोणाला चोच मारणार आणि कोणी निमूट खायची हे ठरलेलं असतं. ही उतरंड पहिल्यांदा नीट अभ्यासली ती शेल्डेरप एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसाने, १९२० च्या दशकात त्याने ती प्रसिद्ध केली आणि ती कोंबड्यांवरूनच बरं का. आता जे पिल्लू माणसाच्या मांडीवर वाढलं त्याला माणसाची भीती कधी बसलीच नाही, त्याच्या लेखी तुम्ही आणि तुमची मुलगी म्हणजे कळपातलेच दोन मोठे पक्षी. चारपाच महिन्यांनंतर अंगात हार्मोन चढले की तो कळपात आपली जागा वर सरकवायला बघतो, आणि मग तुम्हीही त्या यादीत असता. तांबडा तुमच्यापासून लांब राहतो त्याला तुम्ही बुजरा म्हणाल, मी त्याला शहाणा म्हणेन. ज्याला माणसाचा थोडा धाक आहे आणि माद्यांशी जो नीट वागतो तोच नर चांगला, हातावर बसतो की नाही याला काही किंमत नाही.

आता त्याची झेप ओळखायची कशी. तो एकदम येत नाही हो, आधी सांगतो. सरळ न येता तिरका तिरका चालत येतो, एक पंख खाली सोडून जमिनीला घासतो, मानेची पिसं फुलवतो, मध्येच खाली वाकून जमिनीवर उगाच चोच मारतो, तिथे दाणा बिणा काही नसतो, नजर मात्र तुमच्यावर. एवढं दिसलं की समजायचं. त्या वेळी पळायचं नाही, मागे सरकायचं नाही, पळालं की त्याच्या हिशोबात तो जिंकला आणि पुढच्या वेळी आणखी जोमात येणार. लाथ पण मारायची नाही, लाथ म्हणजे त्याला लढाईचं उत्तर मिळालं, तो परत येतो. शांतपणे त्याच्या दिशेने चालत जायचं, तो बाजूला होईपर्यंत. तो जिथे उभा आहे तिथूनच तुम्ही जायचं, त्याला वळसा घालून नाही. आणि खाणं टाकल्या टाकल्या त्याला माद्यांवर चढू द्यायचं नाही, हलकेच बाजूला करायचं.

सहा महिने म्हणजे सगळ्यात वाईट वय आहे. दीडेक वर्षाचे होईपर्यंत बरेचसे निवळतात. पण सगळे नाही.

नवंखुराडं

तिरकं चालणं आणि पंख घासणं अगदी डिट्टो! मला वाटायचं नाचतोय, व्हिडिओ पण काढलेत 😅 पण तो माद्यांपुढेही तसंच करतो ना, मग फरक कसा ओळखायचा? आणि एकजण म्हणाला की पकडून पायाला धरून उलटा टांगायचा थोडा वेळ, रग जिरते. खरं का?

पिसारा

उलटा अजिबात टांगू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा छातीपोटामधला पडदा नसतो, हवेच्या पिशव्यांवर त्यांचा श्वास चालतो, उलटं केलं की आतडी वगैरे सगळं त्या पिशव्यांवर येतं आणि श्वास घ्यायला त्रास होतो. तो गप्प पडतो ते रग जिरली म्हणून नाही, जीव घाबरा झाला म्हणून. त्यापेक्षा दोन्ही पंख अंगाशी दाबून काखेत धरा आणि तसंच घेऊन फिरा, पाणी भरा, खुराडं झाडा, तुमची कामं करा. तो धडपडायचा थांबला, मान सैल सोडली की मगच खाली ठेवायचा, धडपडत असताना सोडला तर उलटा धडा शिकतो. काहींना याने फरक पडतो, काहींना शष्प फरक पडत नाही, हे पण आधीच सांगते.

नाचाचं म्हणाल तर नाच तोच, समोर कोण आहे त्यावर अर्थ. मादीपुढे पंख घासत गोल फिरतो ते विचारणं असतं, चांगला नर विचारतो आणि ती सरकून गेली तर नाद सोडतो. दुसऱ्या नरापुढे किंवा माणसापुढे तेच केलं की ते आव्हान. तुमचा काळा माद्यांना मागून जाऊन धरतो म्हणजे तो विचारायचा भागच गाळतोय, कोवळ्या नरांत हे नेहमीचं आहे. मोठ्या वयाच्या माद्या कळपात असतील तर त्या दोन चोची हाणून त्याला वळण लावतात, पण तुमच्या माद्या त्याच्याच वयाच्या, त्यांना कोण विचारतो.

बाकी तुर्रेबाज यांचं सगळं पटलं, एक सोडून. ८ वर्षांची मुलगी घरात असताना "निवळेल" म्हणून दीड वर्षाचा होईपर्यंत वाट बघायची नाही. मोठ्या माणसाची पोटरी जिथे येते तिथे लहान मुलाची छाती आणि उडी मारली की चेहरा येतो. डोळ्याला चोच किंवा नख लागलं तर काय करणार? आज त्याच्या पायामागचा काटा बारीक गाठीएवढा असेल, वर्षाचा होईतो तो लांब टोकदार होतो आणि मग एका झेपेत खोल भोक पडतं. अशी जखम वरून छोटी दिसते पण आत घाण जाते, साबणाने भरपूर पाण्यात धुवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघून डॉक्टरकडे जायचं. मुलीला आजपासून एकटीला कोंबड्यांत पाठवू नका.

तुर्रेबाज

मान्य. लहान मूल असेल तर माझंही तेच मत, आधी त्याला वेगळा ठेवा. मी लिहिलं ते मोठ्या माणसांनी कसं वागायचं त्यापुरतं.

भल्यापहाटे

विषय निघालाच आहे तर बांगेबद्दल कोणी बोललंच नाही, दोन नर म्हणजे एकाने दिली की दुसऱ्याने द्यायचीच. यातली एक मजेशीर गोष्ट सांगतो, जपानच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोंबडे उजाडल्याचं बघून आरवतात असं नाही, त्यांच्या अंगातच घड्याळ असतं, सतत मंद उजेडात ठेवले तरी पहाटेच्या सुमाराला आरवतात. मग २०१५ मध्ये त्यांच्यातल्याच काहींनी दाखवलं की एकत्र ठेवलेल्या नरांत उतरंडीत जो सगळ्यात वरचा तो पहिली बांग देतो, त्याच्यामागून खालचे आपापल्या क्रमाने. वरच्याला काढून घेतला की दुसऱ्या नंबरचा पहिली बांग द्यायला लागतो. म्हणजे नवंखुराडं, तुम्ही पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ओळखू शकता तुमच्याकडे राज्य कोणाचं आहे ते. कोण देतो आधी?

शेजारी जवळ असतील तर रात्री खुराड्यात पूर्ण अंधार राहील असं बघा आणि सकाळी जरा उशिरा दार उघडा, बांग बंद होत नाही पण भिंतीआड दबते. बांग कमी करायचा गळपट्टा म्हणून एक मिळतो तो मात्र मला कधीच पटला नाही, जरा घट्ट बसला की कोंबडा गुदमरतो आणि सैल बसला की त्यात नख अडकतं.

नवंखुराडं

आज मुद्दाम कान देऊन ऐकलं. आधी तांबडा! काळा त्याच्यानंतर. मला तर वाटत होतं काळाच दादा आहे कारण धिंगाणा सगळा तोच घालतो. मग नीट बघत बसलो खाण्याच्या वेळी. तांबडा नुसता मान वर करून दोन पावलं पुढे आला तरी काळा ताटापासून सरकतो. म्हणजे तिकडे डाळ शिजत नाही म्हणून आमच्यावर जोर काढतोय का हा?

डालगं

हाहा, तसंच काहीसं. खालच्या नंबरच्या नराला माद्या तांबड्याच्या नजरेसमोर मिळत नाहीत म्हणून तो आडून, मागून, झटकन धरतो. तुम्ही म्हणता तो दांडगेपणा निम्मा तरी या घाईतला असणार. अशा नराला एकट्याला तीनचार माद्यांबरोबर वेगळं ठेवलं की कधीकधी वागणं सुधारतं हे पाहिलंय, पण माणसावर येण्याची खोड वेगळी, ती जागा बदलून जात नाही.

जातीबद्दल कोणी विचारलं नाही पण सांगून ठेवतो. ब्रह्मा, कोचीन, सिल्की यांचे नर साधारण थंड डोक्याचे समजले जातात. लेगहॉर्न फडफड्या, बिचकणारा. ऱ्होड आयलंड रेडचे नर तापट निघाल्याच्या तक्रारी जास्त ऐकू येतात. असील लढाऊ जात, दुसरा नर समोर आला की तो किंवा मी असा प्रकार, पण तोच असील माणसाच्या हातात कितीदा तरी गाईसारखा गरीब असतो. तेव्हा दुसऱ्या कोंबड्याशी भांडणं आणि माणसावर येणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एक आहे म्हणून दुसरी असेलच असं नाही. आणि जात हा नुसता अंदाज, तुमच्याकडे एकाच खेपेतले दोन भाऊ दोन टोकांचे निघालेच की. तरी स्वभाव थोडाफार रक्तात उतरतो, त्यामुळे काळ्याची पिल्लं धरू नका एवढं नक्की. आणि हे लक्षात असू द्या की मादीच्या पोटात नराचं बीज दोन आठवडे, कधी तीन आठवडेसुद्धा टिकतं, म्हणजे काळा आज वेगळा केला तरी त्याच्याकडची फळलेली अंडी लगेच थांबत नाहीत. खुडूक बसवायची असेल तर तीन आठवडे जाऊ द्या, मग अंडी ठेवा.

दाणापाणी

डालगं, हे बीजाचं बरं लिहिलंत, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

खाण्यावरून आठवलं. नर कळपात ठेवणार असाल तर सगळ्यांना लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या माद्यांसाठीचं, खाद्य घालू नका. त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम साडेतीन चार टक्के घातलेलं असतं, नराला ते लागत नाही, वर्षानुवर्षं खात राहिला तर मूत्रपिंडावर ताण येतो. सगळ्यांना वाढीच्या वयातलं साधं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, माद्या आपापल्या गरजेने खातात, नर त्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि भांडी दोन ठिकाणी ठेवा, एकमेकांना दिसणार नाहीत अशी. भांडणं निम्मी तिथेच मिटतात.

नवंखुराडं

सगळ्यांचे आभार. घरात बोलणं झालं, तांबडा राहणार हे नक्की, बायको पण तयार झाली कारण मागे एका मांजराने भिंतीवरून उडी टाकली तेव्हा तांबडा मध्ये जाऊन उभा राहिला होता हे तिनेच बघितलंय. काळ्याला सध्या जाळीपलीकडे वेगळा केलाय. द्यायचा म्हटलं तर ज्याला देऊ त्याला हा अंगावर येतो हे सांगावं लागेल, मग घेणार कोण. मुलगी तर रडूनच दाखवते. एकटाच जाळीत ठेवला तर चालेल का कायमचा?

पिसारा

सांगावं तर लागेलच, न सांगता देणं म्हणजे आपली पीडा दुसऱ्याच्या मुलांवर ढकलणं. ज्याच्याकडे लहान मुलं नाहीत, मोकळी जागा आहे आणि नुसत्या नरांचा कळप आहे असा कोणी सापडला तर उत्तम. मादी नजरेस पडत नसली की नर बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात, भांडायला कारणच उरत नाही. कोणी मांसासाठी पाळत असेल तर तोही मार्ग आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, ज्याचं त्याने ठरवायचं.

एकटा कायमचा नको. कळपातला जीव आहे, एकटा पडला की जाळीलगत दिवसभर येरझाऱ्या घालत राहतो, पिसं उपटतो. त्याच्याबरोबर दोन धडधाकट, जरा खमक्या माद्या ठेवा, पाठ उघडी पडलेल्या नकोत. बाकीच्या नऊ तांबड्याकडे, हिशोब पण बसतो. दाणापाणी बाहेरून टाकता येईल अशी सोय करा म्हणजे आत रोज जावं लागणार नाही, आणि दाराला कडी मुलीच्या हाताला येणार नाही इतकी वर. दोन जाळ्यांच्या मध्ये खालचा दीड दोन फूट भाग पत्र्याने किंवा फळीने झाका, नाहीतर दोघं जाळीतून एकमेकांचे तुरे फोडत बसतील.

तुर्रेबाज

आणि एक. काळा गेल्यावर महिनाभर तांबड्यावर लक्ष ठेवा. दुसरा नर नजरेआड झाला की काही नर एकदम निर्धास्त होतात आणि छान वागतात, काहींना वाटतं आता सगळं अंगण आपलंच आणि मग माणसाला आजमावून बघतात. तिरकी चाल, जमिनीवर खोटी चोच, हे दिसलं तर पहिल्याच वेळी त्याच्या दिशेने चालत जा, दुसऱ्या वेळेची वाट बघू नका. लांब राहतोय तोवर त्याला मुद्दाम माणसाळवायला जाऊ नका, मुलीला म्हणावं लाड करायचे तर माद्यांचे कर.

नवंखुराडं

तिने आधीच एक पांढरी निवडलीय. पत्रा आज बसवतो. काळ्याच्या पायामागच्या काट्याचं टोक थोडं घासून बोथट करता येतं असं वाचलं, ते घरी करावं का कोणाकडून?

डालगं

घरी जमतं. रात्री तो दांडीवर बसला की अंधारात उचला, दिवसा पकडायची झटापट नको. एकाने टॉवेलात गुंडाळून धरायचं, दुसऱ्याने नखं घासायच्या कानशीने फक्त टोक गोल करायचं. कापायचं नाही. काट्याच्या आत जिवंत भाग असतो, तिथवर गेलं की रक्त येतं आणि त्याला दुखतं पण. वाढत राहतो तो, त्यामुळे अधूनमधून परत करावं लागेल.